अठ्ठ्याहत्तरच्या वर की खाली

आमच्या इमारतीत रझीकाबद्दल अशी बोलवा होती की तिने रसायन संस्थेची प्रयोगशाळा उडवली, आणि म्हणून ती दोन वर्षं तिथेच अडकून पडली आहे. तळमजल्यावर या गोष्टीत फक्त एक खिडकी फुटायची. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत छप्पर उडालेलं असायचं. पाचव्या मजल्यावर खालती तौनस, म्हणजे तौनस मावशी, राहते. ती कुणाचीच सख्खी मावशी नाही, पण अख्ख्या जिन्याची खालती आहे. तिच्याकडे गोष्ट गेली की त्यात एक पहारेकरी मेलेला असायचा आणि त्याला तीन लहान लेकरं असायची.

खरं सांगायचं तर रझीकाने काहीच उडवलेलं नाही. आमच्या घरी पाच वर्षं राहतेय, तिच्या हातून साधा कप फुटलेला नाही. कॉफीचा कप हातात धरून ती बसल्याबसल्या झोपी जाते आणि कप सरळच्या सरळ राहतो. अब्बा म्हणतात, या पोरीचा हात जागा असतो, बाकीची झोपलेली असते.

रझीका माझी चुलतबहीण. वर झीतूनाच्या डोंगरातली. तिथल्या शाळेत सगळं अरबीतून शिकवतात, आणि अरबीतून तिला रसायनशास्त्र इतकं चांगलं यायचं की मास्तर तिच्याकडून पुढच्या वर्गाला शिकवून घ्यायचे. बाक्कालोरियाला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेला, उत्तम मार्क पडले. तिने फार्मसी मागितली, मार्कांनी औद्योगिक रसायनशास्त्र दिलं. मग ती एक पिशवी आणि ऑलिव्ह तेलाचा डबा घेऊन स्किकदाला आमच्याकडे आली. पहिल्या तासाला शेख, म्हणजे प्राध्यापक, आत आले आणि फ्रेंचमधून बोलायला लागले, ते शेवटपर्यंत. ती सांगते, गावभरची ओळखीची माणसं एका रात्रीत नावं बदलून बसावीत तसं झालं. मीठ, चुना, गंधक, सगळे समोर होते, पण हाक कशी मारायची ते ठाऊक नव्हतं. तिने वहीत मधोमध रेघ मारली. उजवीकडून अरबी, डावीकडून फ्रेंच, आणि दोन्ही मधल्या रेघेशी येऊन थांबायचं. अशा अकरा वह्या झाल्या.

सकाळी सहाच्या बसने ती जाते. बंदरावरच्या तेल कारखान्याच्या ज्वाळांच्या अंगाने, गंधकाच्या वासातून. संस्थेत आठ जणांत एक तराजू, आणि त्याचं एक पारडं चिकटतं, म्हणून आधी त्याला टिचकी मारायची. पाचला घरी आली की जिन्यात रिकाम्या बाटल्या घेऊन बायका उभ्या. रसायनवाली ना तू, मग भांड्यांचा साबण करून दे. ती करून देते. नाही म्हणायला जास्त ताकद लागते, असं तिचं म्हणणं. एकदा शेजारणीने फरशी धुवायचं ॲसिड आणि जावेल, म्हणजे कपड्यांचं ब्लीच, एकाच बादलीत ओतलं आणि खोकून खोकून अर्धमेली झाली. रझीकाने दुसऱ्याच दिवशी जिन्यात ठळक कागद लावला, की ही दोन एकत्र करू नका, विषारी वायू होतो. खालती तौनसने तो चष्मा लावून पूर्ण वाचला आणि संध्याकाळी दार ठोठावून म्हणाली, "सगळं लिहिलंस बयो, पण किती किती घालायचं ते राहिलं."

रझीका हसली नाही. दाराच्या चौकटीला डोकं टेकवून तिने तिला पहिल्यापासून समजावलं.

तर ती अडकली होती एका प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेत. बाकी सगळे विषय केव्हाच सुटले होते. हे प्रात्यक्षिक शेख मर्झूग यांचं. संस्थेत माणसाएवढ्या उंचीचा काचेचा कॉलम आहे. खाली पाणी मिसळलेलं अल्कोहोल तापवायचं आणि वरच्या तोंडातून शुद्ध अल्कोहोल काढायचं. तोंडाशी थर्मामीटर असतो, त्यात अठ्ठ्याहत्तर अंश दिसले पाहिजेत. पारा वर गेला तर पाणीही यायला लागतं, म्हणून आच कमी करायची. खाली राहिला तर काहीच येत नाही, म्हणून आच वाढवायची. रझीकाला हे झोपेत विचारलं तरी येतं. मी विचारून पाहिलंय.

शेख मर्झूग हात पाठीमागे बांधून कॉलमभोवती फिरतात आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात, पारा अठ्ठ्याहत्तरच्या वर गेला तर, किंवा खाली गेला तर, काय कराल. फ्रेंचमध्ये वर म्हणजे दस्यू आणि खाली म्हणजे दसू. त्या दस्यूमधला यू आपल्या तोंडात नसतोच. ओठ ऊ म्हणायला काढायचे आणि आतून ई म्हणायचं, तेव्हा कुठे तो निघतो. नाहीतर वरचं खाली होतं.

पहिल्या वर्षी रझीकाला ऐकू आलं खाली. ती म्हणाली, आच वाढवीन. शेखना म्हणायचं होतं वर. त्यांनी डोळे मिटले आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, की या बाईंना कारखान्यात ठेवलं तर बंदर जाळतील. ते वाक्य तिच्यासोबत शिकणाऱ्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या मुलीने घरी आणलं, आणि पहारेकऱ्याची तीन लेकरं तिथूनच जन्माला आली. दुसऱ्या वर्षी रझीका ठरवून गेली की या वेळी वर असं समजायचं. ती म्हणाली, आच कमी करीन. शेखना म्हणायचं होतं खाली.

दोन्हींकडून उत्तर द्यायचं म्हटलं तर तेही चालत नाही. एका मुलाने दिलं होतं, वर असेल तर असं आणि खाली असेल तर तसं. शेखनी त्याला वकील म्हटलं आणि शून्य दिलं. परीक्षेत अरबी बोललेलं चालत नाही. आता तिसरी वेळ होती, शेवटची. या वेळी पडली की नाव कमी होणार, आणि पाच वर्षांचा एक कागदसुद्धा न घेता तिला डोंगरावर परत जावं लागणार. काकांनी फोनवर कधी ओरडून विचारलं नाही. ते फक्त म्हणायचे, दमली असशील तर ये. ते वाक्य तिला सगळ्यात जड जायचं.

एप्रिलमधली दुपार. आम्ही दोघी स्वयंपाकघरात मटार सोलत बसलो होतो. रझीका वर्गातलं सगळं फोनवर ध्वनिमुद्रित करते आणि भांडी घासताना, कपडे वाळत घालताना ऐकते. त्यामुळे शेख मर्झूग मलाही पाठ झालेले होते. त्यांचा खाकरा, वाक्याच्या शेवटी दम संपल्यासारखा खाली येणारा आवाज, "आणि आता, तरुण लोकहो," म्हणून घेतलेला श्वास, सगळं. फोनची बॅटरी संपली. तास अर्धवट राहू नये म्हणून मी हात पाठीमागे बांधले आणि पुढचा भाग शेखच्या आवाजात चालू ठेवला. प्रश्न विचारला. रझीकाने शेंग न सोडता उत्तर दिलं. चूक, मी म्हटलं, मी वर म्हणाले होते. तिने मान खाली घातली आणि पुढची शेंग घेतली.

मग ती म्हणाली, आता खाली म्हण. म्हटलं. परत वर म्हण. तेही म्हटलं.

"परत."

मी परत म्हटलं. तिच्या हातातली शेंग तशीच अर्धी उघडी राहिली.

"निहाद, तू चुकतेयस, की ते असंच म्हणतात?"

मी चुकत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेच्या मुख्याध्यापिकेच्या आवाजात मी एकदा अख्खा वर्ग घरी पाठवला होता. तरी मी फोन चार्जिंगला लावला आणि आम्ही तीन वेगवेगळ्या तासांतली वाक्यं शोधून ऐकली. शेखचं वर आणि शेखचं खाली यांत केसाचाही फरक नव्हता. ना ई ना ऊ, मधलंच काहीतरी. अर्धा वर्ग पास होत होता आणि अर्धा पडत होता, आणि सगळ्यांना वाटत होतं की हे अभ्यासाचं आहे.

मला वाटलं होतं ती संतापेल. तिने सालांचा ढीग बाजूला सारला आणि टेबलावर कपाळ ठेवलं.

"दोन वर्षं मी त्या कॉलमची माफी मागत होते," ती टेबलाशीच बोलली.

मी म्हटलं, विभागप्रमुखांकडे जाऊ, ध्वनिमुद्रण वाजवू, हवं तर मी तिथे उभी राहून करून दाखवते. ती म्हणाली, शेख सात वर्षं फ्रान्सात लियाँला होते. सात वर्षं लियाँला राहून आलेल्या माणसाला तुमचं फ्रेंच चुकतं म्हणून सांगणं म्हणजे त्याच्या आईबद्दल बोलण्यासारखं आहे. आणि शिवाय ते माणूस म्हणून वाईट नाहीत. हिवाळ्यात हीटर बंद पडला तेव्हा घरून शेगडी आणली होती त्यांनी. मग बराच वेळ तिने मटार सोलले, आणि सोलून झाल्यावर म्हणाली, की मी त्यांना हाताने दाखवायला सांगीन.

यावर मी हसून हसून खुर्चीवरून पडले. शेख मर्झूगना परीक्षेत कुणी उलट प्रश्न विचारत नाही. त्यांचे हात पाठीमागून पुढे आलेले आजवर फक्त सही करताना दिसलेत. तुझी हिंमतच होणार नाही, मी म्हटलं, ऐन वेळी तू खाली मान घालशील आणि नाणं उडवल्यासारखं काहीतरी बोलशील. ती म्हणाली, लाव पैज. आमच्या खोलीत दोन पलंग आहेत, आणि खिडकीजवळचा, जिथे समुद्राचा वारा येतो, तो माझा. मी तो लावला, सबंध उन्हाळ्यासाठी. तिच्याकडे लावायला काही नव्हतं. ती म्हणाली, हरले तर डोंगरावर जाईनच, मग दोन्ही पलंग तुझे.

परीक्षा जूनच्या मध्यावर होती. आदल्या दिवसापासून तिने काही खाल्लं नव्हतं, म्हणून आईने मला दह्याची बाटली आणि खजूर भरलेला ब्राज, रव्याची वडी, देऊन सोबत पाठवलं. प्रयोगशाळेतला पंखा बंद पडलेला होता, म्हणून दार सताड उघडं. बाहेर ओळीत उभ्या असलेल्या सगळ्यांना आतलं ऐकू येत होतं, आणि ऐकून सगळ्यांचे चेहरे पिठासारखे झाले होते. रझीकाच्या आधीचा मुलगा पडला. बाहेर येऊन तो भिंतीला टेकून खाली बसला.

रझीका आत गेली. ओठ सुकलेले, डोळ्यांखाली काळं. शेख कॉलमभोवती एक फेरी मारून थांबले, हात पाठीमागे, आणि त्यांनी प्रश्न विचारला. पारा अठ्ठ्याहत्तरच्या अमुक गेला तर काय कराल. ते अमुक काय होतं, हे मी दाराशी कान टवकारूनही सांगू शकले नसते.

रझीकाने कॉलमच्या तळाकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, घातली मान खाली.

"शेख, हाताने दाखवाल का?"

ओळीतल्या कुणीतरी श्वास आत ओढला. शेखनी विचारलं, काय म्हणालात.

"वर की खाली, ते हाताने दाखवा," रझीकाचा आवाज दमलेला होता, पण सरळ होता. "कारखान्यात आवाज फार असतो. तिथे शब्द ऐकू जात नाहीत. पाळीवरची माणसं हातानेच दाखवतात."

शेखनी तिच्याकडे पाहिलं, मग कॉलमकडे. त्यांचा उजवा हात पाठीमागून हळूहळू पुढे आला. जरा वेळ तो नुसताच हवेत राहिला, बोटांना काय करायचं ते आठवत नसल्यासारखा. मग एक बोट छताकडे गेलं.

"मग आच कमी करीन," रझीका म्हणाली. आणि किती कमी, का कमी, पाणी कुठल्या उंचीवर मागे फिरेल, वाफ कुठे थंड होईल, सगळं बोलत गेली. डावीकडून फ्रेंच, न थांबता, मधल्या रेघेच्या खूप पुढे. शेख पुढचे प्रश्नही हाताने विचारत होते. तिच्या मागून आत गेलेल्या सगळ्यांना त्यांनी हातानेच विचारलं. त्या दिवशी उरलेल्या चौदांतले बारा पास झाले. भिंतीपाशी बसलेल्या मुलाला त्यांनी स्वतः दारात येऊन परत आत बोलावलं.

वीसपैकी तेरा. बसमध्ये ती उभ्याने झोपली, दांडीला धरून.

घरी आईने डोंगरावर काकांना फोन लावला. रझीका म्हणाली, "अब्बा, झालं." एवढंच. मग बातमी जिना चढली, आणि खालती तौनस पाचव्या मजल्यावरून जगर्‍हात म्हणजे आनंदाच्या किलकाऱ्या देत, बाकलाव्याचं ताट डोक्यावर धरून खाली आली, आणि येतायेता प्रत्येक दाराशी सांगत आली की मी पहिल्यापासून म्हणत होते. सगळा जिना आमच्या बैठकीत भरला. उत्सवमूर्ती कुठेय, सगळ्यांनी विचारलं.

मी तिला बोलवायला खोलीत गेले. दुपारचे साडेचार. बाहेर बायकांचा नुसता गलका चालला होता, आणि रझीका माझ्या पलंगावर, खिडकीकडे तोंड करून, बूट न काढता झोपली होती. पडदा आत येऊन तिच्या पायांवर पडत होता आणि परत बाहेर जात होता. मी दोनदा हाक मारली. मग मी माझी चादर आणि पुस्तकं उचलून भिंतीकडच्या पलंगावर नेली. पैजेत उशी धरलेली नव्हती, पण ती तिच्या डोक्याखाली होती, म्हणून तिथेच राहू दिली.