अंगठा हलला का?

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सरांनी एखाद्या कामाला आपलं नाव सुचवलं तर नाही म्हणता येतं, हे मला ठाऊक नव्हतं.

नव्वदीच्या दशकात ठाण्यातल्या एका डॉक्टर मॅडमकडे मेंदूला बाहेरूनच चुंबकाचा झटका देणारं यंत्र आलं होतं. कापाकापी नाही, नुसती तारेची गुंडाळी डोक्यावर धरायची. चाचणीसाठी त्यांना एक निरोगी विद्यार्थी हवा होता. ती नीट झाली तर त्याला पुढे वर्षभर संशोधनात मदतीला घेऊ, असं त्यांनी सरांना सांगितलं होतं. मला ती जागा फार हवी होती.

वडील वागळे इस्टेटमध्ये लेथ चालवायचे. डोंबिवलीहून निघताना म्हणाले, "मॅडम विचारतील त्याला हो म्हण. शहाणपणा नको." डॉक्टरकडे जायचं म्हणून आईने डोक्यावर भरपूर खोबरेल थापलं. त्यावर मॅडमच्या पेनाची खूण उमटेना. शेवटी त्यांनी मला पोहायची रबरी टोपी घातली आणि तिच्यावर खुणा केल्या. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी तारा जोडलेल्या पट्ट्याही चिकटवल्या.

"मेंदूतले भाग एकमेकांना जोडलेले असतात," त्या म्हणाल्या. "एकाला हलवलं की दुसरा जागा होतो, कधी गप्पही बसतो. डावीकडचा झटका उजव्या अंगठ्यापर्यंत पोचतो का, ते बघायचंय. तू काही करू नकोस."

टक् असा आवाज झाला.

"हलला?"

हलला नव्हता. मी हलवला आणि म्हणालो, "हो मॅडम."

त्यांनी गुंडाळी जराशी सरकवली. टक्. मी पुन्हा हलवला. असं सहा वेळा झालं. सातव्या वेळी मी काही करायच्या आतच अंगठा उडाला. मी त्याच्याकडे बघतच राहिलो.

मग घाबरलो. माझ्या खोट्या उत्तरांवर विसंबून त्या उद्या एखाद्या लकवा झालेल्या माणसाला तपासतील. खरं सांगितलं तर जागा जाणार हे दिसत होतं.

"मॅडम, आधीचे सहा मी हलवले."

"माहीत आहे." त्यांनी अंगठ्यावर चिकटवलेल्या पट्ट्यांचा आलेख दाखवला. सातव्या वेळी स्नायू झटक्यामागोमाग उसळला होता. आधीच्या सहा वेळा बऱ्याच नंतर. "तू फार उशिरा पोचतोस रे. सातव्याला हो का नाही म्हणालास?"

"विसरलो."

"बरं झालं. सोमवारपासून ये. तेल न लावता."

घरी सोमवारचं सांगितल्यावर वडिलांनी विचारलं, "हो म्हणालास ना?"

"सहा वेळा."

"मग? मी काय सांगितलं होतं?"