नानांचं नाक

गाडी कुणाचीही असो, नाना आधी वाकून तिचा वास घ्यायचे. खिडकीतून आत नाक घालायचे, डोळे मिटायचे आणि मगच बसायचे. कोरेगावच्या स्टँडवर वडापचे जीपवाले ओरडायचे, "आलं बगा गाडी हुंगणारं म्हातारं!" माझं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

नाना माझे चुलत सासरे. सैन्यात ड्रायव्हर होते. तिथं वायर शॉर्ट होऊन पेटलेली एक गाडी त्यांनी पाहिली होती. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. आत माणूस होता, एवढं मला सासऱ्यांकडून कळलं. बाकी गृहस्थ भलते चोंबडे आणि तापट! कुणी गाडीत मोठे स्पीकर बसवले की हे न बोलावता हजर. "आवाजापरमानं वायर, वायरीपरमानं फ्यूज, आन् फ्यूज बॅटरीच्या बगलंत!" फ्यूज उडाला की लोक चिडत, नानांना मात्र बरं वाटे. "त्यो उडत न्हाई गं सूनबाई, हाक मारतोय. हाक आली की काय झालंय ते बगावं. त्याचं त्वांड दाबू ने."

माझा दीर सागर. लग्न ठरलं तशी त्यानं एक जुनी गाडी घेतली आणि डिकीत ॲम्प्लिफायर बसवला. वरात आपल्याच गाडीतून, आपल्याच गाण्यांवर काढायची हौस! नानांनी भांडून जाड वायर टाकायला लावली, बॅटरीजवळ फ्यूज लावून घेतला. पण इंजिनाकडून ही वायर पत्र्याच्या भोकातून आत येते, तिथं रबर बसवायचं राहिलं. "पत्रा वायर खातोय रं गड्या," नाना परत परत सांगत होते. सागर म्हणाला, "वरात होऊ द्या, मग बसवतो."

वरात मारुतीच्या देवळापाशी आली आणि गाणं बंद पडलं. आमच्याकडे वरातीत वाजप थांबणं म्हणजे अभद्रच. सासूबाईंनी छातीवर हात मारून घेतला. सागरच्या मित्रांनी बॉनेट उघडलं, सिगारेटच्या पाकिटातली चांदी उडालेल्या फ्यूजवर जाडजूड गुंडाळली, आणि गाणं सुरू! शिट्ट्या वाजल्या.

नाना गर्दी रेटत आले. त्यांनी खिडकीत नाक घातलं, दार उघडलं आणि नव्या नवरीला हाताला धरून खाली ओढलं. चुलत सासऱ्यानं, भर वरातीत! "उतर पोरी, उतर!" बायका किंचाळल्या. सागर तावातावानं पलीकडच्या दारानं उतरला आणि त्यानं नानांना ढकलून दिलं. नाना मातीत पडले. तेवढ्यात नवरीच्या पायाखालच्या मॅटमधून धूर निघाला. पाणी येईपर्यंत गाडी फुलांच्या माळांसकट देवळासमोर जळून गेली.

तुम्हाला वाटेल, सागरनं नानांचे पाय धरले असतील. कसलं काय! घरात ठरलं की नानांची जीभच काळी. पेटंल, पेटंल म्हणत बसले, म्हणून पेटली. पुढं सागरच्या बाळाच्या बारशाला त्यांना बोलावणंसुद्धा गेलं नाही. माझा नुसता संताप व्हायचा. मी कालवण घेऊन गेले की सागरच्या बायकोबद्दल ते एवढंच विचारायचे, "पोरगी बरी हाय न्हवं?" गेल्या उन्हाळ्यात नाना गेले.

परवा सागरनं दुसरी गाडी आणली. जावेच्या माहेरी, आष्ट्याला, आम्ही सगळे निघालो होतो. बंपरला ताजी लिंबू-मिरची, खाली काळी बाहुली. जाऊ बाळाला मांडीवर घेऊन आत बसलेली, गाणं दणदणत होतं. मी चढता चढता थांबले. कसला तरी करपट वास येत होता.

"भावजी, बॉनेट उघडा."

"आवं वहिनी, फ्यूज सारखा उडत हुता, म्हणून जरा..." सागरनं बॉनेट उचललं. बॅटरीच्या बगलेत चांदी चमकत होती.

मागून सासूबाई म्हणाल्या, "लागली का हीबी हुंगाया? हिचीबी जीभ काळीच दिसतीया!"

मी दार उघडलं आणि जावेचा हात धरला.