दम्याच्या कॅप्सूल आणि पल्लवीचं लग्न

आता चहा येईपर्यंत सांगून टाकतो, पण नंतर हसताना कप सांभाळा. हा गाढवपणा मी आजवर फक्त बायकोपाशी कबूल केलाय, आणि तोही तिला आधीच कळला होता म्हणून.

वाटूरला माझं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. वीस वर्षं गल्ल्यावर बसून मी एकच विद्या शिकलो. गिऱ्हाईक एक वस्तू मागायला येतं, त्याच्या पिशवीत दोन घालून पाठवायच्या. कापसावरचं औषध मागितलं की मी वर स्टिकरची बाटली ठेवतो. स्टिकर म्हणजे औषध पानाला चिकटून राहावं म्हणून त्यात मिसळायचं. याच्याशिवाय औषध लागूच होत न्हाई, असं ठासून म्हणायचं. खरं तर कधी लागतं, कधी नाही लागत. बाटली मात्र दर वेळी जाते.

एवढा मी हुशार माणूस. पण मला दमा आहे.

जालन्याच्या डॉक्टरांनी पंप दिला होता. सकाळी दोनदा ओढायचा, रात्री दोनदा. श्वास मस्त मोकळा व्हायचा. पण दर महिन्याला नवा पंप घ्यायला गेलं की बिल बघून तिथंच परत दम लागायचा. शेवटी एकदा धीर करून डॉक्टरांना विचारलं, यात काही स्वस्तातलं न्हाई का? ते म्हणाले, आहे की, हेच औषध कॅप्सूलमध्ये येतं. चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. बाहेर वीस जण खोकत बसले होते, तेव्हा मीही जास्त खोदून विचारलं नाही.

तिथून थेट स्वस्त औषधांच्या दुकानात गेलो. काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिनं कॅप्सूलची डबी पुढं ठेवली. किंमत ऐकून मी दोनदा विचारून घेतली. पंपाच्या चौथाईसुद्धा नाही हो! मी डबी खिशात घालणार, तेवढ्यात ती म्हणाली, "काका, यासोबत मशीन पण लागंल. चिठ्ठीत लिहिलंय."

मी तिच्याकडं बघून हसलो. एका दुकानदारानं दुसऱ्या दुकानदाराकडं बघून हसावं तसं. पोरगी वयानं लहान होती, पण स्टिकर बराबर वर ठेवत होती.

"मशीन राहू दे, बाई," मी म्हणालो.

"घरी हाये का तुमच्या?"

"आमच्याकडं सगळं हाये."

तिला वाटलं माझ्याकडं मशीन आहे. मला वाटलं माझ्याकडं अक्कल आहे. दोघंही समाधानानं वेगळे झालो.

घरी येऊन पहिली कॅप्सूल काढली. कवच पारदर्शक, आणि आत बुडाशी चिमूटभर पावडर. बाकी सगळी रिकामी. कंपनीनं किती हात आखडता घेतलाय म्हणून दोन शिव्या घातल्या आणि ग्लासभर कोमट दुधाबरोबर गिळून टाकली. सकाळी एक, रात्री एक. अगदी नेमानं.

पहिला आठवडा तर मला विशीत गेल्यासारखं वाटलं. पैसे वाचले की छाती आपोआप फुगते, ते औषध नव्हे, हे तेव्हा कुठं कळतंय? दुकानात येईल त्याला मी ऐकवायचो, की मेडिकलवाले कसे लुटतात आणि मी कसा सापडलो नाही. दुसऱ्या आठवड्यात खोकला सुरू झाला. तिसऱ्यात जिना चढताना मधे थांबावं लागायला लागलं. सुनंदा, म्हणजे आमची मंडळी, तिनं दोनदा हटकलं. मी तिला तेच सांगितलं जे शेतकऱ्यांना सांगतो, नवीन औषध हाये, रिझल्ट दिसायला टाइम लागतो.

"आवं, पण अक्काच्या पल्लवीचं लग्न आलंय," ती म्हणाली. "मामा म्हणून तुमालाच उभं राहायचंय. एकदा डॉक्टरला तरी विचारून या."

तिचं खरं होतं. भोकरदनची अक्का माझी थोरली बहीण, आणि पल्लवी तिची मोठी मुलगी. मी एकुलता एक मामा. नवरीला हाताला धरून मांडवात आणायचं आणि मंगलाष्टका संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, हे माझं काम. लहानपणापासून त्या पोरीला सांगत आलो होतो, तुला मीच आणणार म्हणून. ते चुकलं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं. पण डॉक्टरकडं जायचं म्हणजे फी आली. मी गेलो नाही.

लग्नाच्या दिवशी खबरदारी म्हणून सकाळी दोन कॅप्सूल गिळल्या.

आता हल्लीची लग्नं तुम्हाला माहीत आहेत. नवरी नुसती चालत येत नाही, तिची एंट्री असते. मी पल्लवीचा हात धरून दारात उभा राहिलो, आणि कार्यालयवाल्यानं मशीन लावून आमच्यावर पांढरा धूर सोडला. दोन्ही बाजूंनी अनार उडाले. त्या धुरातून चालत मी स्टेजपर्यंत पोचलो खरा, पण पहिल्या मंगलाष्टकेला छातीत शिट्टी वाजायला लागली. दुसरीला खांदे उडायला लागले. तिसरीला डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि तोंडातून हुं, हुं, हुं असा आवाज.

समोरून ते कसं दिसत असेल, विचार करा.

पहिली अक्का फुटली. भाऊ एवढा रडतोय म्हटल्यावर तिला कुठून आवरणार? तिला बघून मावशा फुटल्या. मावशांना बघून बायकांची अख्खी बाजू पदर डोळ्याला लावून बसली. पल्लवीनं मागं वळून बघितलं आणि तिचा सगळा मेकअप वाहून गेला. दाजी, म्हणजे नवरीचा बाप, तोवर कोरडे उभे होते. तेही लोकलाजेखातर रुमाल काढून बसले. व्हिडिओवाला तर अक्षता सोडून माझ्याच तोंडावर कॅमेरा धरून राह्यला होता. मी हातानं खुणा करत होतो की मला श्वास घेता येईना. लोकांना वाटलं, मामा म्हणतोय, मला सहन होईना. दोघा-तिघांनी येऊन मला मिठ्या मारल्या. दमेकऱ्याला मिठी मारू नका हो कधी, जे काय उरलेलं असतं तेही निघून जातं. त्या घडीला मी खरंच घाबरलो. वाटलं, पोरीच्या लग्नात आता आपलं दुसरंच कार्य करावं लागतंय.

वाचवलं ते नवरदेवाच्या काकूनं. ती डॉक्टर होती. जवळ येऊन तिनं फक्त कान लावला आणि मला बाजूच्या खोलीत नेऊन बसवलं. तिला स्वतःला दमा होता, म्हणून पर्समध्ये पंप होता. तो तिनं मला ओढायला लावला. दहा मिनिटांनी मी माणसात आलो.

"रोजचं औषध घेत न्हाई का?" तिनं विचारलं.

मी अभिमानानं खिशातली डबी काढली. "एकबी दिवस चुकवलं न्हाई. आज तर दोन घेतल्या, दुधासोबत."

"कशासोबत?"

"दुधासोबत. पाण्यासोबत घ्यायच्या व्हत्या का?"

तिनं डबी फिरवून माझ्या डोळ्यांपुढं धरली. तिथं छापलेलं होतं, मशीनमधूनच ओढावे, गिळू नये. रोज शेतकऱ्यांना लेबल वाचायला सांगणारा मी, दीड महिना ते लेबल घेऊन हिंडत होतो.

"मामा, ही पावडर छातीत जायला पायजे," ती शांतपणे म्हणाली. "तुमी दीड महिना पोटाच्या दम्यावर इलाज केला."

दुसऱ्याच दिवशी जालन्याला जाऊन मशीन घेतलं. किंमत सांगू का? नको, एवढ्याशा रकमेसाठी मी दीड महिना धापा टाकल्या हे ऐकून चहा कडू लागेल. आता कॅप्सूल मशीनमध्ये घालून ओढतो, स्वस्तात श्वास चालू आहे.

पण पल्लवीला कोण सांगणार? तिच्या सासरच्या त्या डॉक्टर काकूनंही अजून माझं गुपित फोडलेलं नाही. लग्नाच्या व्हिडिओत त्या प्रसंगाला सनई जोडली आहे. सासरी ती सगळ्यांना दाखवते, बघा, माझा मामा माझ्यासाठी किती रडला. मीही मान खाली घालून ऐकून घेतो.

परवा तिच्या धाकट्या बहिणीचं, प्रियांकाचं लग्न ठरलं. तिनं स्वतः फोन केला. म्हणाली, "मामा, ताईसाठी जेवढं रडले तेवढंच माझ्यासाठी रडायचं. कमी झालं तर मी समजून जाईन."

तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. छाती मोकळी, डोळे कोरडे. रडायचं कसं? सुनंदाला विचारलं. ती भाजी निवडत होती, तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

"त्यात काय येवढं," ती म्हणाली. "प्रियांकाच्या लग्नाला मशीनचं बिल खिशात घालून जा. व्हिडिओवाला आला की उघडून बघा."