रिकामा समजलेला नंबर

तारवालीला कुणी "मदत करू का?" असं विचारलं की तिचं डोकंच सणकायचं. चाळिशी ओलांडलेली बाई, खिशात पक्कड, ओठांवर शिवी. भंगारात निघालेले कॉम्प्युटर फुकटच्या, सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या सिस्टिमवर पुन्हा चालते करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. नवऱ्यांच्या मारातून पळून आलेल्या बायकांच्या आश्रयघरातली सगळी यंत्रं तिनेच उभी केली होती. आणि गेले तीन आठवडे त्याच घरात तिची धाकटी बहीण राहत होती, डावा हात प्लास्टरमध्ये घालून.

त्या दुपारी ऑफिसातलं मशीन मेलं, म्हणून तारवाली दुसरं घेऊन आली. धाकटीचा नवरा सकाळपासून समोरच्या कोपऱ्यावर उभा होता.

"ताई, तो आत नाही ना गं येणार?"

"माझ्या मढ्यावरून येईल. जा, पड जरा."

बोर्डावर जागा नव्हती. तारवालीने एका धुळकट डबीचा प्लग उपटला आणि आपला खुपसला. सिस्टिम निम्मी चढली आणि नेटवर्कपाशी अडून बसली. आपोआप नंबर मिळेना. मिळेल कशाला, सुखाने काम झालं तर पाप लागेल ना! मग तिने हाताने भरायला घेतलं. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा नंबर लागतो. एकच नंबर दोघांना दिला की निरोप भलत्याच दारी जातात. नंबरांची यादी ठेवायचा तारवालीला मनस्वी कंटाळा. तिची रीत वेगळी: लॅपटॉपवरून नंबराला हाक मारायची, उत्तर आलं नाही की जागा रिकामी. तेविसाव्या नंबराने उत्तर दिलं नाही. तिने तेवीस भरला, राऊटरचा नंबर भरला, आणि लाईन लागली. खूश होऊन तिने दुसरा बोर्ड शोधला आणि डबीचा प्लग परत लावला.

ती डबी विजेवरचं फाटक उघडबंद करणारी होती. बंद होती म्हणून मुकी होती, आणि तिचा नंबर तेवीसच होता.

मधल्या वेळात पाण्याच्या गाडीसाठी वॉचमनबाईने फाटक किल्लीने उघडलं होतं. गाडी गेल्यावर तिने आपल्या स्क्रीनवर 'बंद' दाबलं. हुकूम गेला ऑफिसातल्या नव्या मशीनकडे. फाटक ढिम्म हललं नाही. ती पुन्हा दाबतेय, पुन्हा दाबतेय, तोवर कोपऱ्यावरचा तो नवरा रस्ता ओलांडून आत शिरला.

लोखंडी सळईच्या पहिल्या फटक्यात वॉचमनबाई भिंतीवर आपटली. तारवालीच्या स्क्रीनवर 'हा नंबर दुसरीकडेही वापरात आहे' असं उमटलं. तिने डबीकडे पाहिलं. तेवढ्यात किंकाळी आली.

व्हरांड्यात त्याने धाकटीला केसांना धरून फरफटत आणलं होतं. सळई प्लास्टरवर बसली, प्लास्टर फुटलं, खालचं जुळत आलेलं हाड पुन्हा मोडलं. तारवालीने मेलेलं मशीन दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्या खांद्यावर घातलं. कड्कन आवाज झाला. तो कोसळला, तरी ती थांबली नाही. पत्र्याच्या कडेने तोंडावर, मग गुडघ्यावर, मग सळईच्या हातावर. रक्त तिच्या चष्म्यावर उडालं. "आई गं, नको, नको!" तो गुरासारखा ओरडत होता. घरातल्या चौघींनी तिला मागे ओढलं, तेव्हा कुठे हात सुटला.

पोलीस त्याला स्ट्रेचरवर घेऊन गेले. संस्थेच्या मोठ्या बाईंनी विचारलं, फाटक उघडं कसं राहिलं? वीज गेली म्हटलं असतं तरी खपलं असतं. "माझ्यामुळे," तारवाली म्हणाली.

हॉस्पिटलात धाकटीच्या पलंगाशी बसून तिने तेच सांगितलं. "मीच आत घेतला गं त्याला. एक यादी करायचा कंटाळा केला मी." आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

धाकटी छताकडे बघत होती.

"ताई," ती म्हणाली, "नऊ वर्षांत त्याला ओरडताना आज पहिल्यांदा ऐकलं. अगदी माझ्यासारखाच ओरडतो गं."