फिरवून वाजवणारा हिरामण

हिरामण गेल्याचा फोन त्याच्या मुलाने केला, तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. मी नुकतंच दुकान उघडून शिलाई मशीनला तेल देत होतो. ‘काका, बाबा गेले,’ एवढंच तो म्हणाला आणि थोडं थांबून, ‘चहा मांगितला, अर्धा पिला, अन् बसल्या बसल्याच...’ मी फोन ठेवला. त्या वेळी मनात पहिल्यांदा जे आलं ते सांगायची मला थोडी लाज वाटते. रडू आलं नाही, देवाचं नावही आलं नाही. वाटलं, आता मी चाल धरून कोणासाठी बसू? याचा अर्थ कळायचा तर वाचकांना माझ्यासोबत पंचेचाळीसएक वर्षं मागे यावं लागेल.

लाखनीपासून दोन कोसांवर आमचं गाव. आमची दोन्ही घरं धानाची, बांध्याही, म्हणजे भाताची खाचरंही, एकमेकांना लागून. धान घरात आलं की पुढच्या पावसाळ्यात भाताची रोवणी लागेपर्यंत आम्ही दोघं लाखनीच्या एका बँड पार्टीत वाजवायचो. मी क्लॅरिनेटवर आणि हिरामण सॅक्सोफोनवर. बँडचे मालक सदाशिवराव यांचा नियम एकच होता : गाणं रेडिओवर जसं आहे तसंच वाजलं पाहिजे, त्यात एक मुरकी जास्त नको की कमी नको. मला तो नियम फार सोयीचा होता. हिरामणला मात्र तो नव्या चपलेसारखा टोचायचा, आणि का टोचतो हे त्याचं त्यालाही सांगता यायचं नाही.

नागपूरकडच्या एका लग्नात एक म्हातारे गृहस्थ बँडसोबत चालत चालत हिरामणच्या अगदी जवळ आले. हे आल्फ्रेड सर. कामठीला राहायचे. तरुणपणी मोठमोठ्या हॉटेलांत जॅझ वाजवलेला माणूस, आता कवळी बसल्यामुळे स्वतः वाजवू शकत नव्हता. ‘सूर अच्छा है तेरा,’ ते म्हणाले, ‘लेकिन तू बोलता कुछ नहीं. इतवार को आ.’ झालं! पुढच्या रविवारपासून हिरामण एसटीने कामठीला जाऊ लागला. सरांनी सांगितलं म्हणून तो रोज उजाडताना तलावाच्या पाळीवर बसून एकेक सूर दम संपेपर्यंत धरायचा. हायवेवरून जाणाऱ्या ट्रकांचे हॉर्न ऐकून ‘हा कोमल नी, हा पंचम’ असं ओळखायचा आणि लगेच तो सूर वाजवून बघायचा. एकदा बाजाच्या तोंडाला लावायची रीड फुटली आणि नागपूरला जाणं होईना, तेव्हा त्याने बांबूची कामटी ब्लेडने तासून रीड बनवली. तिच्यातून असा आवाज निघाला की तलावातली बदकं उत्तर देऊ लागली. गाव हसलं, तोही हसला.

सरांकडे जॅझची एक जुनी रेकॉर्ड होती. तिच्यावर एक सॅक्सोफोनवाला मूळ चाल दोनदा वाजवतो आणि मग ती सोडून मनाने कुठल्या कुठे फिरून पुन्हा तिच्यावर येतो. हिरामणला वाटलं, शिकायचं ते हेच. आम्ही बँडवाले कुठलंही नवं गाणं जसं बसवतो, तसं त्याने ते बसवायला घेतलं. एका रविवारी दोन ओळी, सुई उचलून उचलून ऐकायच्या आणि लाल पुठ्ठ्याच्या वहीत सारेगमात लिहून आणायच्या. वर्षभर हे चाललं. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात त्याने ते सगळं, एक सूर न चुकता, सरांना ऐकवलं. सर डोळे मिटून ऐकत होते. एका जागी हिरामण अर्धी मात्रा अडखळून पुढे गेला, तसे त्यांनी डोळे उघडले. ‘यहाँ क्यों रुका?’

‘रेकॉर्डमध्ये तसंच आहे ना, सर.’

‘अरे, वहाँ तो रेकॉर्ड पे खरोंच है. सुई उछलती है.’

सर आधी पोट धरून हसले, मग गंभीर झाले. म्हणाले, ‘ये उसका बोलना था, बेटा. उस दिन उसको जो लगा, वो बोला. तू अपना बोल.’ दिवाळीनंतर ते कायमचे मुलीकडे बंगलोरला जाणार होते. त्याआधी स्वतःचं काही घेऊन आलास तरच ये, नाहीतर येऊ नकोस, असं त्यांनी साफ सांगितलं. हिरामण गावात आला तो पडलेल्या तोंडाने. ‘भास्कर, माह्या मनात काहीच नाही गा,’ तो मला म्हणाला, ‘मी बोलू तं काय बोलू?’ दिवाळीपर्यंत जमलं नाही तर बाजा मालकाला परत करून टाकीन, असंही बोलला. तो हे रागाने म्हणाला असता तर मी थट्टेवारी नेलं असतं, पण तो शांतपणे म्हणाला. मला भीती वाटली.

आषाढात त्यांच्या बांधीत रोवणी लागली. मी पऱ्ह्यांच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, पेंढ्या आणून चिखलात टाकत होतो आणि बाया ओळीने वाकून रोवत होत्या. हिरामणची माय पुढचं गाणं म्हणायची, बाकीच्या मागून ध्रुपद धरायच्या : ‘हिरवे पऱ्हे बाई, हिरवी बांधी.’ तिची नवी सून, हिरामणची बायको कौसल्यावहिनी, त्या मागच्या बायांतच असायच्या, खाली मान घालून. ध्रुपद तेच आणि मायच्या ओळी मात्र दर फेरीला नव्या. मी धुऱ्यावरून, बांधीच्या मातीच्या कडेवरून, घसरलो, तर मायचं लगेच :

‘भास्कर आला पेंढी घेऊन,
अर्धी सांडली वाटंवरून.’

बाया हसत हसत ध्रुपदावर परत आल्या. माझे कान लाल झाले. हिरामण मात्र हातातली पेंढी तशीच धरून उभा होता. जेवणाच्या सुट्टीत त्याने विचारलं, ‘माय, हे तुले कोणं शिकवलं?’

‘शिकवन कायचं त्याच्यात?’ माय म्हणाली. ‘जे दिसते ते म्हणतो.’

‘पण पुढची ओळ नाही सुचली तं?’

‘तं एक फेरी चूप राहातो. बाया धरून ठेवतेत ना. त्याहिनं धरलं म्हणून तं मले फिरता येते.’ आणि ती भाकरीकडे वळली. आपण काही विशेष सांगितलं असं तिला वाटलंच नसणार.

त्या दिवसापासून हिरामणने लाल वही उघडली नाही. संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘रोवणीची चाल वाजव. थांबू नको.’ मी वाजवू लागलो. दोन फेऱ्या त्याने माझ्यासोबत वाजवल्या आणि तिसऱ्या फेरीला तो चालीतून बाहेर पडला... आधी धुऱ्याधुऱ्याने चालल्यासारखा, मग पार पाण्यात. मी गडबडलो. आम्हा बँडवाल्यांना एकाच अंगाची सवय, एक जिकडे जाईल तिकडे सगळे. मीही चाल सोडून त्याच्या मागे धावलो आणि दोघंही बुडालो. त्याने तोंडातून बाजा काढला.

‘चाल सोडू नको गा. तू सोडली तं मी वापस कोठी येऊ?’

ती सवय मोडायला मला दीड महिना लागला. तो शेजारी इतकं गोड काही बोलत असताना आपण आपलं ‘हिरवे पऱ्हे, हिरवी बांधी’ करत बसायचं! खोटं कशाला बोलू, मला त्याचा हेवा वाटायचा. फिरायचं त्याने आणि खुंट्यासारखं उभं राहायचं मी. पण एके दिवशी तो असा काही लांब गेला की मला वाटलं, हा आता सापडत नाही. मी डोळे मिटून चाल धरून बसलो, आणि तो बरोबर माझ्या ‘हिरवी’वर येऊन उतरला. त्या क्षणी जो आनंद झाला, तो मला माझ्या एकट्याच्या वाजवण्यात कधी झाला नव्हता. मग हेवा कुठे गेला कोण जाणे.

दिवाळीच्या आठ दिवस आधी आम्ही दोघं कामठीला गेलो. सरांच्या खोलीत सामान बांधून ठेवलेलं होतं आणि आम्हाला बसायला एक पेटी होती. आम्ही वाजवलं. सर खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरून होते. मधे बाहेर कोणाच्या तरी सायकलची घंटी वाजली. हिरामणने ती तिथल्या तिथे उचलली, दोनदा फिरवली आणि चालीवर परत आला. सरांनी मान हलवली. वाजवणं संपलं. मग सरांनी विचारलं, ‘ये गाना किसका है?’

‘माझ्या मायचं, सर.’

‘उनसे पूछना,’ सर म्हणाले, ‘इस बुढ्ढे को शागिर्द बनाएँगी क्या?’

परतीच्या एसटीत हिरामण खिडकीतून बाहेर बघत हसत होता. मायला निरोप सांगितला, तर ती म्हणाली, ‘येऊ दे त्याले. पेंढ्या टाकाले माणूस पाहिजेच आहे.’

यानंतर तो फार मोठा झाला वगैरे मी लिहिणार नाही, कारण तसं झालं नाही. ऐंशीनंतर नागपूरच्या एका ऑर्केस्ट्राने त्याला बोलावलं होतं. तीन आठवड्यांत परत आला. ‘तिथं सूर लिहिलेले कागद देतेत गा,’ एवढीच त्याची तक्रार. सदाशिवरावांनीही हळूहळू नमतं घेतलं. वरात मारुतीपाशी थांबली की दोन फेऱ्या हिरामणच्या. मग नाचणारी पोरंच मागू लागली : ‘ते फिरवून वाजवा ना, काका.’ आंबागडपासून कोंढ्यापर्यंत कितीतरी नवरदेव त्या दोन फेऱ्यांत घोड्यावर ताटकळले असतील. पुढे बँड सुटला, बाजा मालकांनी त्यालाच ठेवू दिला, आणि आमचा रविवार काही सुटला नाही. दुपारी त्याच्या घरापुढच्या छपरीत मी चाल धरायची, त्याने फिरून यायचं, वहिनींनी चहा आणायचा. असं सुख किती जणांना मिळतं? मला मिळालं.

तेरवीनंतरच्या एका रविवारी पाय आपोआप तिकडे वळले. क्लॅरिनेट सोबत घेतलं होतं, का ते ठाऊक नाही. सॅक्सोफोन छपरीतल्या खुंटीला टांगलेला, पट्टा त्याच्या मानेचा घाम लागून लागून काळा पडलेला. वहिनी सुपात तांदूळ निवडत होत्या.

‘वाजवा ना भाऊजी,’ त्या म्हणाल्या. ‘घर मुकं होऊन राहिलं.’

‘एकट्यानं काय वाजवू, वहिनी? मले फक्त चालच येते.’

‘तं चालच वाजवा.’

मी सुरू केलं. हिरवे पऱ्हे बाई, हिरवी बांधी. दोन फेऱ्या झाल्या. तिसरीला तो बाहेर पडायचा... ती फेरी रिकामी गेली. चौथीही गेली. मला पुढे वाजवणं जड होऊ लागलं, थांबावं असं वाटलं. तेवढ्यात सुपावरची मान वर न करता, आयुष्यभर मागच्या ओळीत ध्रुपद धरणाऱ्या वहिनींनी बारीक आवाजात ओळ घातली :

‘खुंटीले टांगला पितळी राघू,
कोणावर रुसला, कोणाले सांगू.’

आणि त्या थांबल्या, पुढची ओळ सुचेपर्यंत. माझे डोळे भरून आले होते, बोटं दिसत नव्हती. पण मी चाल सोडली नाही.