कीबोर्डवर नसलेलं अक्षर

“मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर म्हणतंय, या माणसाचा रक्तगट कोपरी आहे.”

फोनवर म्हात्रेबाई होत्या, डोंबिवलीतल्या एका रक्तपेढीच्या टेक्निशियन. आदल्याच दिवशी मी त्यांची रक्तदात्यांची यादी जुन्या सॉफ्टवेअरमधून आमच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवली होती. एका बाईचं दुसऱ्या दिवशी सकाळी सिझेरियन होतं. बी निगेटिव्ह रक्त हवं होतं. पेढीत एकही पिशवी नव्हती, आणि यादी म्हणत होती, असा दाताच नाही.

“अहो, पाच-सहा जण तरी आहेत. मी स्वतः सुई टोचलीय त्यांना!”

मी ठाण्याच्या ऑफिसात मूळ फाइल उघडली. नाव, फोन, पत्ता, रक्तगट असे चार रकाने, मध्ये कॉमा. कॉमा आला की कॉम्प्युटर समजतो, रकाना संपला. या माणसाचा पत्ता होता ‘साईकृपा सोसायटी, कोपरी’. पत्ता सोसायटीपाशीच संपला आणि कोपरी रक्तगटात जाऊन बसली. बाकीच्यांचंही असंच झालं होतं. मी टेस्टिंग केलेलं ते दहा नावांवर, तीही मीच टाइप केलेली. एकाही पत्त्यात कॉमा नव्हता. लाज वाटली.

पण आधी रक्त. रकाने सोडून दिले आणि अख्ख्या फाइलमध्ये ‘बी निगेटिव्ह’ हे शब्द शोधले. सहा नावं निघाली. फोन नंबर पत्त्याच्या आधी असल्यामुळे शाबूत होते. मी ते म्हात्रेबाईंना वाचून दाखवले. दोघांनी फोन उचलला नाही. तिसरे दिवा स्टेशनजवळ राहणारे.

“पाण्याचा टँकर आलाय,” ते बाईंना म्हणाले. “दोन पिंपं भरतो नि निघतो.”

खरंच आले. तपासण्या होऊन संध्याकाळी पिशवी हॉस्पिटलला गेली.

मग दुरुस्ती. आमचे सर म्हणाले, “कॉमाऐवजी उभी रेघ टाक ना.”

मी यादीत शोधलं. ‘बी विंग | ४०२’ असा एक पत्ता निघालाच.

“सर, कीबोर्डवर जे आहे ते लोक फॉर्ममध्ये टाइप करणारच. मी कीबोर्डवर नसलेलं टाकते.”

अशी अक्षरं असतात. त्यांना कंट्रोल कॅरेक्टर म्हणतात. ती कागदावर छापली जात नाहीत; कॉम्प्युटरला नुसत्या खुणा करायला फार पूर्वीच राखून ठेवलेली आहेत. ३१ नंबरचं दोन रकान्यांच्या मध्ये ठेवायचं, ३० नंबरचं दोन माणसांच्या मध्ये.

“हे आजकाल वापरतं कोण?” सरांनी विचारलं.

“जवळजवळ कोणीच नाही. म्हणूनच चालेल.”

जुन्या सॉफ्टवेअरमधून यादी पुन्हा काढली, मध्ये हीच दोन अक्षरं घालून. दुसऱ्या दिवशी दुपारी ती चढवली. म्हात्रेबाईंनी आपल्या ओळखीची वीस नावं एकेक करून काढून पाहिली.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “आणि मुलगी झाली बरं का. दोघी ठीक आहेत.”

त्या दिवशी चहा फार चांगला लागला.

तेव्हापासून टेस्टिंगसाठी नाव-पत्ते मी स्वतः लिहीत नाही. क्लायंटच्या माणसांकडून लिहून घेते. मला सात जन्मांत सुचणार नाही, ते त्यांना पहिल्याच ओळीत सुचतं.