एका भोकात दोन दाणे

मी जात्याच संशयी. दुधाची पिशवीसुद्धा दाबून बघितल्याशिवाय घेत नाही. त्यामुळे साताऱ्याहून गिऱ्हाइकाची तक्रार आली तेव्हा माझा पहिला संशय त्या गिऱ्हाइकावरच गेला.

घोडपदेवला आमचा छोटा गाळा आहे. गिरणी बंद पडल्यावर वडिलांनी सुरू केलेला, आता मी चालवते. मका पेरायच्या टोकणयंत्रात बसणाऱ्या तबकड्या आम्ही यंदापासून बनवतो. ताटलीएवढी अल्युमिनियमची तबकडी, कडेने गोल भोकं. एकेका भोकात एकेक दाणा बसायचा, वरचा ब्रश जादा दाणे बाजूला सारणार, आणि तबकडी फिरली की दाणा नळीतून मातीत. चौपाटीवरच्या भाजलेल्या कणसापलीकडे मक्याशी माझा संबंध नाही, पण दाणे सारख्या अंतरावर आणि एकेकटे पडले पाहिजेत, एवढं मला ठाऊक होतं.

"ताई, एका जागी दोन-दोन कोंब येतायत," यंत्रं जोडून विकणारं ते गिऱ्हाईक फोनवर म्हणालं. "एक वर येतो, दुसरा त्याच्या सावलीत पिवळा पडतो. तबकडी बघा तुमची."

मी म्हटलं, शेतकरी ट्रॅक्टर पळवत असतील. नाही म्हणाले. मग बियाण्यावर संशय घेतला, नमुना मागवला. दाणे एकाच मापाचे निघाले. म्हणजे दोष आमच्या गाळ्यात, आणि गाळ्यात माणसं दोनच. मी आणि अंकल.

अंकल माझगावचे. वडिलांच्या वेळेपासून भोकं पाडायचं काम त्यांचंच. आता पासष्टी उलटली आहे. हल्ली ते ड्रॉइंग कधी लांब धरतात, कधी नाकाजवळ आणतात, हे मी टिपून ठेवलं होतं. डोळे गेले असणार. पण ड्रिल मशीन काढून घेतलं, तर अंकलनी गाळ्यात यायचं कशाला? घरी त्यांचं कोणी नाही. हा प्रश्न मी मनात आला की झटकायचे आणि संशय मात्र जपायचे.

ते चहाला गेले की मी त्यांच्या भोकांना वर्नियर लावायची. माप दर वेळी बरोबर. यावर शहाण्या माणसाने गप्प बसावं. मी म्हटलं, बघा, आपण तपासतोय हे म्हाताऱ्याला कळलंय, म्हणून जपून काम चाललंय! एक दिवस तर त्यांनी नुकतीच पाडलेली एक तबकडी मी पुरावा म्हणून पर्समध्ये डब्याखाली लपवली. बाकीच्या तबकड्यांवरचं माझं काम नेहमीसारखं उरकलं. माझं काम शेवटचं, चॅम्फर मारायचं. म्हणजे प्रत्येक भोकाचा काठ तिरका घासून गुळगुळीत करायचा. ड्रॉइंगमध्ये ते नव्हतं. पण माल उचलणाऱ्याचं बोट कापता कामा नये, हे गिरणीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेल्या वडिलांनी मला शिकवलं होतं, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन आला आणि माझं डोकं फिरलं. "अंकल, डोळे दाखवून या. तुमच्यामुळे शेतात दोन-दोन दाणे पडतायत."

त्यांनी चष्मा शर्टाला पुसला. "असेल गं," एवढंच म्हणाले. मला वाटलं, आला कबुलीवर.

रविवारी गाळा बंद होता. अंकल नसताना मी सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. पॅसेजमध्ये प्लॅस्टिक अंथरलं, त्यावर ग्रीस फासलं, म्हणजे दाणा पडेल तिथेच चिकटेल. गिऱ्हाइकाने पाठवलेलं एका ओळीचं यंत्र नेहमीची तबकडी लावून त्यावरून ढकलत नेलं. जागोजागी जोड्या. मग पुरावा पक्का करायला पर्समधली तबकडी लावली आणि त्याच चालीने ढकललं. एक. एक. एक. पार जिन्यापर्यंत एकही जोडी नाही.

मी दोन्ही तबकड्या घेऊन पायरीवर बसले. पर्समधलीच्या भोकावरून बोट फिरवलं, बोट कापलं. दुसरीवरून फिरवलं, मऊ. माझ्या हातचा मऊपणा. मी रुंद केलेल्या तोंडात पहिल्या दाण्यावर दुसरा आरामात बसत होता आणि ब्रश त्याच्या डोक्यावरून निघून जात होता. मला माझीच इतकी लाज वाटली की प्लॅस्टिक गोळा करायचंही सुचेना.

सोमवारी अंकल आल्याआल्या सांगून टाकलं. "अंकल, चूक माझी होती. चॅम्फरची. तुमची भोकं बरोबर होती."

ते रागावतील, निदान चार टोमणे मारतील, असं वाटलं होतं. ते खुर्चीत बसले. "मी तर शनिवारी साताऱ्याच्या पार्टीला फोन करून सांगितलं, माझा हात आता चालत नाय, पोरीला बोलू नका. डोळेवाल्या डॉक्टरकडे पण जाऊन आलो. तो बोलला, डोळे ठीक आहेत. मला वाटलं, त्यालाच बरोबर दिसलं नसेल."

मी त्यांच्यासमोर साताऱ्याला फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि सगळं कबूल केलं. चॅम्फर बंद केलं. पुढच्या पेरणीचा फोटो आला, ओळ सगळी एका उंचीची. अंकलनी तो बराच वेळ बघितला.

पण आता भोकं पाडून झाली की ते प्रत्येक तबकडी घेऊन माझ्या टेबलापाशी येतात. "एकदा बघून घे गं," म्हणतात. इतक्या वर्षांत असं कधी म्हणाले नव्हते. मी सांगते, "अंकल, गरज नाही." ते हलत नाहीत. मी वर्नियर उचलेपर्यंत तिथेच उभे राहतात.